गोळीत काय होते? अफू सोडवणाऱ्या वनौषधींचा इतिहास

१/ इ.स. १८३८. चीनच्या हूबेई आणि हूनान या प्रांतांचा महाराज्यपाल लिन झेशू याने सम्राट दाओग्वांग याला एक दीर्घ निवेदन पाठवले. विषय होता अफूबंदी. निवेदनाला जोडलेली पुरवणी मात्र एखाद्या वैद्याच्या वहीतून उतरवल्यासारखी होती. तीत अफूची तलफ सोडवणाऱ्या औषधांचे पाठ दिलेले होते. मुख्य गोळीत डझनभराहून अधिक वनौषधी होत्या. आणि त्यांच्या जोडीला होती अफूचीच राख.

२/ अफू सोडवण्याच्या गोळीत अफू कशासाठी? आजचा थ्रेड या एका प्रश्नाभोवती आहे. हूबेईपासून मलायाच्या जंगलापर्यंत आणि तेथून थायलंडच्या एका बौद्ध मठापर्यंत जायचे आहे. वाटेत मुंबई लागेल, चरकही भेटेल. थ्रेड लांब आहे, सवडीने वाचावा.

३/ आधी लिनने ही पुरवणी का जोडली ते पाहू. त्याच वर्षी ह्वांग ज्वेझी या अधिकाऱ्याने सम्राटापुढे सूचना मांडली होती की, अफू ओढणाऱ्यांना एक वर्षाची मुदत द्यावी आणि त्यानंतरही जो ओढील त्याला देहदंड द्यावा. बहुतेक प्रांताधिकाऱ्यांना ही शिक्षा अतिरेकी वाटली. लिनने तिला पाठिंबा दिला. पण देहान्ताची मुदत द्यायची, तर त्या मुदतीत सुटण्याचे साधनही राज्याने दिले पाहिजे, हे त्याला उमगले होते. पुढच्या वर्षी कायदा झाला तेव्हा ही मुदत अठरा महिन्यांची ठरली. म्हणजे या गोळीचा गुण येतो की नाही, हा अक्षरशः जिवाचा प्रश्न होता.

४/ अफू एकाएकी सोडली की शरीर काय करते, हे ठाऊक असल्याशिवाय पुढचे कळणार नाही. सतत जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, हाडे पिळून काढल्यासारखी वेदना, उलट्या, जुलाब, झोपेचा पूर्ण अभाव. हा भर साधारण आठवडाभर टिकतो. आपल्याकडे गर्दच्या व्यसनाबद्दल बोलताना याला ‘टर्की’ म्हणतात. धडधाकट माणूस सहसा या त्रासाने मरत नाही. पण एक चिमूट अफू मिळाली की सारे घटकाभरात थांबते, हे त्याला पक्के ठाऊक असते. सारी लढाई या जाणिवेशी असते.

५/ आता लिनची गोळी. तिचे नाव ‘जी-स्वान’, म्हणजे ‘आंबट वर्ज्य’. ती घेताना आंबट खाल्ले तर आतडी तुटतील, असा इशारा होता. तोच तिचे नाव झाला. तिच्यात जिनसेंग होते, ज्येष्ठमधाच्या जातीचे मूळ होते, संत्रवर्गीय फळाची वाळवलेली साल होती, अगरू होता, बचनागाच्या कुळातले एक जहाल मूळ होते. हे सारे वस्त्रगाळ करून त्यात चंडू ओढण्याच्या नळीत साठलेली राख मिसळायची आणि गोळ्या वळायच्या.

६/ ही राख निरुपयोगी कचरा नव्हे. चंडू ओढताना अफूतील सगळे मॉर्फिन धुरावाटे जात नाही. बराच भाग नळीत चिकटून राहतो. म्हणूनच गरीब व्यसनी श्रीमंतांच्या नळीतली राख विकत घेऊन तीच पुन्हा ओढत. लिनच्या गोळीत अफूचा अंश नाममात्र नव्हता, कार्यक्षम होता. ज्याचे व्यसन जितके जड, त्याला तितक्या जास्त गोळ्या, असा हिशेबही पाठातच दिलेला होता.

७/ खरी युक्ती दुसऱ्या गोळीत आहे. तिचे नाव ‘बू-झंग’. ‘बू’ म्हणजे भरून काढणे, ‘झंग’ म्हणजे शरीराचे मूळचे सरळ बळ. घटक बव्हंशी पहिल्या गोळीचेच, पण राख नाही. रोगी काही दिवस केवळ पहिली गोळी घेतो. मग रोज पहिल्या प्रकारची एक गोळी कमी करायची आणि तिच्या जागी दुसऱ्या प्रकारच्या दोन घ्यायच्या. असे करता करता एक दिवस असा येतो की, मुठीत सगळ्या गोळ्या ‘बू-झंग’च्या असतात. गोळ्यांची संख्या वाढलेली असते, अफू शून्यावर आलेली असते.

८/ ‘पूरक उपचार’ हा शब्द आज आपण सैलपणे वापरतो. ‘बू-झंग’ हे नाव जवळजवळ त्याच अर्थाचे आहे आणि येथे तो अर्थ काटेकोर आहे. तलफेला आवर घालण्याचे काम अफूच करते, हळूहळू घटणाऱ्या मात्रेने. वनौषधी पोट सांभाळतात, अंगात बळ आणतात, आणि रोज काही तरी ‘घेत’ राहण्याची सवय मोडू न देता तिच्यातला विषय तेवढा बदलतात. हे शेवटचे काम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

९/ ज्यांना जिनसेंग परवडणार नाही, त्यांच्यासाठी लिनने साधे पाठही दिले होते. त्यांतला एक तर परसातला आहे : फुलोऱ्यावर आलेला लाल भोपळ्याचा वेल मुळासकट उपटावा, धुऊन कुटावा आणि त्याचा रस प्यावा. याने किती जणांची अफू सुटली असेल याविषयी मी साशंक आहे. पण साम्राज्याचा एक बडा अधिकारी सम्राटाला भोपळ्याच्या वेलाविषयी लिहितो, यावरून प्रश्न किती खोल खेड्यांत पोहोचला होता ते दिसते.

१०/ येथे मुंबईकडे वळणे भाग आहे. १८३९ च्या जूनमध्ये लिनने हूमन येथे परदेशी व्यापाऱ्यांकडून ताब्यात घेतलेली अफू नष्ट केली. व्यापाऱ्यांनी सोपवलेल्या पेट्यांचा आकडा २०,२८३ असा दिला जातो. त्यांत बंगालच्या अफूइतकीच माळव्याची अफूही महत्त्वाची होती, आणि माळव्याची अफू मुंबई बंदरातून जात असे. सर जमशेटजी जीजीभाई यांच्यासह मुंबईच्या अनेक व्यापाऱ्यांची संपत्ती या व्यापारातून उभी राहिली. ज्या राखेतून लिन गोळ्या वळत होता, तिच्यातली काही राख इंदूर-उज्जैनच्या आसपासच्या शेतांची असणार.

११/ आणखी एक प्रसंग, सहसा न सांगितला जाणारा. १८३९ च्या उन्हाळ्यात लिनने मध्यस्थांमार्फत पीटर पार्कर या अमेरिकन मिशनरी डॉक्टरकडे विचारणा केली : अफूच्या व्यसनावर तुमच्याकडे एखादे खात्रीचे औषध आहे काय? पार्करचे उत्तर प्रामाणिक होते. असे एकच रामबाण औषध नाही, प्रत्येक रोग्याची स्थिती पाहून उपचार करावा लागतो, असा त्याचा आशय होता. पुढे पार्करच्या रुग्णनोंदीत लिनचेही नाव आले, पण हर्नियासाठी! तपासायला तो स्वतः गेला नाही. पट्टा मात्र मागवून घेतला.

१२/ ‘आपल्या आयुर्वेदात यावर काय आहे?’ हा प्रश्न प्रतिसादांत येणारच, म्हणून आधीच लिहितो. चरक-सुश्रुतांच्या संहितांत अफू नाही. ‘अहिफेन’ ठळकपणे दिसते ते मध्ययुगीन ग्रंथांत, उदाहरणार्थ शार्ङ्गधरसंहितेत. त्यामुळे अफूच्या व्यसनावरचा प्राचीन उपचार शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. पण चरकाच्या सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात एक नियम आहे : अंगवळणी पडलेली अहितकर गोष्ट एकदम सोडू नये, चतुर्थांशाचतुर्थांशाने सोडावी आणि तितक्याच हितकर गोष्टीने ती जागा भरावी. टीकाकार आणि वैद्य याला ‘पादांशिक क्रम’ म्हणतात. लिनला चरक ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही. तरीही दोघांची रीत एकच आहे, आणि तीत कोणतीही विशिष्ट वनस्पती अनिवार्य नाही.

१३/ लिनचे पुढे काय झाले ते सर्वज्ञात आहे : पहिले अफूयुद्ध, पदच्युती, इलीला हद्दपारी. त्याच्या गोळ्यांची कीर्ती मात्र टिकली. अफू सोडवणाऱ्या गोळ्यांची बाजारपेठच उभी राहिली. दुकानदारांना लिनच्या पाठातली एक गोष्ट फार सोयीची वाटली असावी : गोळीत अफू असली तरी तिला औषध म्हणता येते. घटत जाणारी मात्रा आणि दुसरी गोळी या भानगडीत कोण पडतो? गिऱ्हाईक सुटण्यापेक्षा परत येणे दुकानाला केव्हाही लाभाचे.

१४/ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मॉर्फिन स्वस्त झाले आणि चित्र आणखी बिघडले. मिशनरी दवाखान्यांतून आणि औषधविक्रेत्यांकडून मॉर्फिनयुक्त ‘अफूमुक्ती गोळ्या’ वाटल्या जाऊ लागल्या. चिनी लोकांनी त्यांना नाव ठेवले ‘येशूची अफू’. हा शब्द विनोदी आहे तितकाच नेमका. अफू ओढणारा आता मॉर्फिन गिळणारा झाला होता, आणि त्याची गणना बऱ्या झालेल्यांत होत होती.

१५/ याच काळात शान्शी प्रांतात शी शंगमो नावाचा एक विद्वान होता. स्वतः अनेक वर्षे अफूच्या आहारी गेलेला. १८७९ मध्ये ख्रिस्ती झाला आणि व्यसन सोडले. पुढे त्याने व्यसनमुक्तीची आश्रयस्थाने काढली. आरंभी तेथे परदेशी औषधे वापरत. ती वेळेवर मिळेनात, तेव्हा त्याने देशी औषधींपासून स्वतःच्या गोळ्या बनवल्या. आश्रयस्थानात माणूस काही आठवडे राहत असे. रात्रभर शेजारी बसणारा सेवक बहुधा स्वतः त्याच मार्गाने गेलेला असे. शीच्या धर्मश्रद्धेशी आपल्याला येथे कर्तव्य नाही. लक्षात घ्यायचे ते एवढेच की, बाजारातली गोळी आणि त्याची गोळी यांत मोठा फरक होता तो गोळीभोवतीच्या माणसांचा.

१६/ आता मलाया. १९०६-०७ मध्ये सेलांगोर आणि आसपासच्या भागात एका जंगली वेलीची विलक्षण लाट आली. शास्त्रीय नाव कॉम्ब्रेटम सुंडाइकम. तिच्या पाना-काड्यांचा काढा प्याला की अफू सुटते, अशी वार्ता पसरली. कथलाच्या खाणींतले चिनी मजूर हजारोंच्या संख्येने काढा घ्यायला येऊ लागले. अफूविरोधी मंडळींनी तो फुकट वाटला. शेजारच्या स्ट्रेट्स वसाहतींचा जवळजवळ निम्मा महसूल अफूतून येत असताना हे घडत होते! ‘अफूविरोधी वनस्पती’ची बातमी लंडन-अमेरिकेपर्यंत गेली आणि वाळवलेल्या पानांना तेथूनही मागणी आली.

१७/ रसायनशास्त्रज्ञांनी पाने तपासली. टॅनिन सापडले, म्हणजे चहात असते तसे तुरट द्रव्य. अफूची जागा घेईल असे अल्कलॉइड काही हाती लागले नाही. मग लोकांची अफू सुटत होती ती कशाने? उत्तर काढा घेण्याच्या कृतीत दडले होते.

१८/ कृती अशी : काढ्याच्या दोन बाटल्या भरायच्या. पहिलीत रोग्याच्या नेहमीच्या प्रमाणाची भाजलेली अफू मिसळायची. मात्रा घ्यायची ती नेहमी पहिल्या बाटलीतून. घेतली की तितकाच साधा काढा दुसरीतून पहिलीत ओतायचा. पहिली बाटली सदैव काठोकाठ भरलेली; आतली अफू मात्र घोटाघोटाने विरळ होत जाणारी.

१९/ याचे गणित मी करून पाहिले. बाटलीत ३० मात्रा मावतात आणि रोज तीन घेतल्या जातात असे धरू. हे आकडे माझे, केवळ उदाहरणादाखल. प्रत्येक घोटानंतर बाटलीत आधीच्या अफूचे २९/३० उरतात. आठवडाभरात, म्हणजे २१ मात्रांनंतर, मूळच्या निम्म्याच्या किंचित खाली. वीस दिवसांत सुमारे १३ टक्के. महिन्याअखेरीस ५ टक्क्यांहूनही कमी. आरंभी मोठी उतरंड, शेवटी अगदी सौम्य. व्यसनमुक्तीचा आजचा डॉक्टर ज्या आकाराची वक्ररेषा कागदावर आखतो, ती येथे दोन बाटल्यांनी आपोआप आखली जात होती. रोग्याला मोजमाप करावे लागत नव्हते, आणि आज किती कमी झाली हे त्याला कळतही नव्हते.

२०/ म्हणजे वेल निरर्थक होती काय? औषधद्रव्य म्हणून बहुधा हो. पण तुरट, कडवट, जंगलातून आणलेल्या त्या काढ्याऐवजी कोणी साधे पाणी दिले असते, तर खाणमजुरांनी तासन्‌तास रांग लावली असती असे मला वाटत नाही. जुलाबावर टॅनिनचा थोडाफार उपयोग झाला असेल, तो वेगळा. लाट मात्र लवकर ओसरली. अनेक जण पुन्हा नळीकडे वळले.

२१/ मलायाच्या त्याच जंगलात दुसरे एक झाड होते, ज्याची अशी बातमी झाली नाही : क्रातोम, मलायात केतुम. हे कॉफीच्या कुळातले झाड. आपल्याकडचा कळंब त्याच्याच प्रजातीतला. अफू मिळाली नाही की लोक क्रातोमची पाने चघळतात, अशा नोंदी एकोणिसाव्या शतकापासून आहेत. १९२१ मध्ये एलेन फील्ड यांनी त्यातील अल्कलॉइडाला ‘मिट्राजायनिन’ हे नाव दिले. हे द्रव्य मेंदूतील ज्या ग्राहींवर मॉर्फिन काम करते त्यांच्यावरच काम करते. म्हणजे येथे वनस्पतीत खरोखरच काही तरी होते.

२२/ आणि हीच वनस्पती बंदीत सापडली. सयामने, म्हणजे थायलंडने, १९४३ मध्ये क्रातोमविरुद्ध कायदा केला. अफूवर सरकारचा कर होता. फुकटच्या पानांमुळे त्या कराला गळती लागत होती, हे त्यामागचे कारण इतिहासकार सांगतात. थायलंडने क्रातोम अमली पदार्थांच्या यादीतून काढले ते थेट २०२१ मध्ये. पण म्हणून क्रातोमला निष्पाप समजू नये. जे द्रव्य अफूच्या कुलुपात बसते, ते स्वतःचीही सवय लावू शकते, आणि क्रातोमची लागते. लिनच्या राखेसारखेच हे.

२३/ थायलंडमध्येच आहोत तर साराबुरीचा वाट थाम क्राबोक हा मठ पाहू. थायलंडने १९५९ मध्ये अफू ओढण्यावर पूर्ण बंदी आणली आणि त्याच सुमारास या मठात व्यसनी येऊ लागले. मठाचे प्रमुख भिक्खू चामरून पार्नचंद यांना १९७५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. येथे अफूचा अंशही दिला जात नाही. पहिले पाच दिवस वनौषधींचा वांतिकारक काढा, मग घडाभर पाणी, आणि सर्वांसमक्ष ओकारी. भोवती इतर रोगी गाणी म्हणत, ढोल बडवत उभे. काढा घेण्याआधी ‘सच्चा’ घ्यावी लागते, म्हणजे पुन्हा कधीही न घेण्याची शपथ. हा शब्द पाली भाषेतला, आपल्या ‘सत्य’चाच भाऊ.

२४/ मठाचा एक नियम कठोर आहे : हा उपचार आयुष्यात एकदाच मिळतो. शपथ मोडली की दार बंद. शपथेला वजन यावे म्हणून हे केले असेल, ते समजते. तरी मला तो मान्य होत नाही. अफूचे व्यसन पुन्हा जडणे हा अपवाद नसून नेहमीचा अनुभव आहे, आणि दुसऱ्यांदा आलेल्या माणसाला दाराची जास्त गरज असते.

२५/ यात एक वैद्यकीय धोकाही आहे, तो स्पष्ट लिहायला हवा. काही दिवस अफू बंद राहिली की शरीराची सहनशक्ती उतरते. पूर्वी जी मात्रा रोजची होती, तीच आता श्वास थांबवू शकते. हेरॉइन आणि फेंटानिलच्या काळात आठ-दहा दिवसांत ‘पूर्ण शुद्ध’ होऊन बाहेर पडलेला माणूस म्हणूनच अधिक संकटात असतो. काढा टर्कीचे दिवस सुसह्य करील. नंतरच्या महिन्यांचे काय, हा प्रश्न त्याच्या आवाक्याबाहेरचा आहे.

२६/ १९६५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वाँडर यांनी मेथाडोनचे प्रयोग प्रसिद्ध केले. व्यसन्याला ओपिऑइडच द्यायचे, पण संथ, मोजून, देखरेखीखाली. आणि घाईने शून्यावर आणायचे नाही. आज भारतातही ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन याच तत्त्वावर दिले जातात. लिनच्या पहिल्या गोळीचे हे दूरचे नातेवाईक म्हणता येतील. फरक असा की, लिनला पुढच्या वर्षीचा देहदंड समोर दिसत होता, म्हणून त्याची गोळी शून्याकडे धावते.

२७/ मग वनौषधींना आज जागा आहे काय? चीनमध्ये यावर गंभीरपणे काम झाले आहे. यानहूस्वो नावाच्या कंदात टेट्राहायड्रोपाल्मॅटिन हे द्रव्य असते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, हेरॉइन सोडलेल्या १२० जणांवरील चाचणीत, हे द्रव्य मिळालेल्यांची तलफ कमी झाली आणि तीन महिन्यांनी व्यसनापासून दूर राहिलेल्यांचे प्रमाणही त्यांच्यात जास्त आढळले. एका छोट्या चाचणीवर इमारत उभारता येत नाही. पण प्रश्न विचारण्याची पद्धत तेथे बदललेली दिसते : ‘अफू सोडवते काय?’ असे न विचारता ‘कोणता त्रास, किती दिवस, कशाच्या जोडीला?’ असे विचारले गेले.

२८/ हे खरे तर शंभर वर्षे आधीच होऊ शकले असते. फेब्रुवारी १९०९ मध्ये शांघायला आंतरराष्ट्रीय अफू आयोग भरला होता. तेरा देशांचे प्रतिनिधी होते. अफूमुक्तीच्या औषधांचा विषयही निघाला. प्रतिनिधींनी ठराव केला की, अशा औषधांचे शास्त्रीय संशोधन अत्यंत महत्त्वाचे आहे, परंतु या आयोगाची रचना त्यासाठी झालेली नाही. प्रत्येकाने आपापल्या सरकारला शिफारस करावी. त्या सरकारांपैकी कित्येकांच्या तिजोरीत तेव्हा अफूचाच पैसा येत होता.

२९/ घरी कोणाला ओपिऑइडचे व्यसन असेल तर या थ्रेडमधला कोणताही पाठ करून पाहू नये. लिनच्या गोळीतले बचनागकुळातले मूळ हृदय बंद पाडू शकते. मनोविकारतज्ज्ञ किंवा व्यसनमुक्ती केंद्र गाठावे. आणि आधीपासून एखादे आयुर्वेदिक औषध चालू असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नये.

३०/ मुंबईच्या गिरणीकामगार स्त्रिया तान्ह्या बाळांना झोपवण्यासाठी देत असलेली अफूची ‘बाळागोळी’ यात बसवायची होती. पण तो विषय स्वतंत्र आहे, पुढच्या थ्रेडमध्ये घेतो. कोणाच्या घरी आजी-पणजीकडून तिच्याविषयी काही ऐकले असेल तर प्रतिसादात जरूर लिहा.